मांजरांना विषारी घरगुती झाडे (डहाणू–तलासरी परिसर)

मांजराला बाधणारी कुंडीतील, अंगणातील व कुंपणावरील झाडे. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या हद्दीलगतच्या या दोन तालुक्यांत प्रश्नाची दोन रूपे दिसतात. डहाणू रोड, बोर्डी, घोलवडकडच्या इमारतींत व चिकूवाड्यांतील बंगल्यांत मनी प्लांट, डायफेनबॅकिया, स्नेक प्लांट अशा शोभेच्या कुंड्या असतात. तलासरीकडच्या वारली, कोकणा, धोडी पाड्यांवर शोभेची कुंडी क्वचितच. तिथे मांजर पाळायचे ते धान्यातल्या उंदरांसाठी, आणि विषारी झाड आढळायचे ते दाराबाहेर, कुंपणात नाहीतर रानात.

मांजर मूळचे मांसाहारी. वनस्पतींतली व औषधांतली काही द्रव्ये निकामी करणारी यकृतातली एक यंत्रणा त्याच्यात फार दुबळी असते. तरीही ते गवत चघळते, आणि घरात कोंडलेल्या मांजराला गवत मिळाले नाही की लोंबती पाने पुरतात.

सर्वांत जास्त घरांत असलेला मनी प्लांट सर्वांत घातक नाही. त्यात, तसेच डायफेनबॅकिया, ॲग्लोनिमा, पीस लिली व अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत, हिरड्यांत रुततात. मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड घासते, अन्नाला तोंड लावत नाही. सुरण किंवा पावसाळी रानभाजी ‘लोत’ कच्ची राहिली तर घशाला जी खाज सुटते, तिचे कारण हेच. म्हणून पाड्यांवर लोत आंबट पाल्याबरोबर शिजवतात. घसा सुजून श्वास अडला नाही तर मांजर यातून बहुधा सावरते.

खऱ्या लिलीची आणि डे-लिलीची गोष्ट निराळी. पुष्पगुच्छातून घरी येणारी ओरिएंटल व एशियाटिक लिली आणि बागेतली डे-लिली मांजराचे मूत्रपिंड निकामी करते. पान खायलाच हवे असे नाही. अंगावर पडलेले पराग चाटले, फुलदाणीतले पाणी प्यायले तरी पुरते. आधी उलट्या होतात, मग मांजर बरे वाटू लागते आणि घरचे निर्धास्त होतात. एक ते तीन दिवसांत लघवी बंद पडते. शिरेतून सलाईन १८ तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली. पीस लिली व अंगणातली पावसाळी लिली या गटातल्या नव्हेत. दुसरीचा कंद मात्र उलट्या करवतो.

सायकस (सागो पाम) यकृतावर घाला घालतो. त्याच्या बिया सर्वांत विषारी. कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम आणि पानफुटी हृदयाची लय बिघडवतात. महामार्गांच्या दुभाजकांवर गुरे खात नाहीत म्हणून लावतात ती हीच कण्हेर. कळलावी पावसाळ्यात पानाच्या टोकाने आधार धरत कुंपणावर चढते. कोकणात गौरीच्या दिवसांत तिची लाल-पिवळी फुले घरातही येतात. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन असते. रक्ती जुलाब होतात, पुढे अस्थिमज्जा खचते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर जखम करतो. कोरफडीने जुलाब होतात.

मोगरा, अरेका पाम, स्पायडर प्लांट व बोस्टन फर्न ही झाडे मांजर असलेल्या घरात चालतात.

झाडावर आळ घेण्याआधी उंदराच्या औषधाचाही विचार करावा. झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी त्याला विषबाधा होऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनही मांजराला घातक.

घरगुती उपचारांपैकी मीठपाणी पाजून उलटी करवणे सर्वांत वाईट. त्याने रक्तातले सोडियम धोकादायक वाढते. तेल, तूप पाजू नये. पॅरासिटामॉलची गोळी स्वतःच मांजराचा जीव घेते. तोंड पाण्याने पुसावे, अंगावरचे पराग धुऊन काढावेत. मुंबईत परळला असलेले प्राण्यांचे मोठे रुग्णालय इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे; आधी जवळच्या पशुवैद्याला फोन करावा आणि चावलेली फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी.