ठिकाण नसलेला प्रदेश

निसर्गचित्रासमोर उभा राहिलेला आपल्याकडील मनुष्य बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो "हे कुठले?" असा. या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. त्याला इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत पाश्चात्त्य वळणाचे निसर्गचित्र आपल्याकडे रुजले ते पुष्कळसे स्थळवर्णनाच्या ओढीने. थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे 1786 ते 1793 या काळात हिंदुस्थानभर हिंडले आणि देवळे, किल्ले, नद्यांची पात्रे कागदावर उतरवून घेऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही स्थळावर बसून समोरचे दृश्य टिपण्याची शिस्त जोपासली गेली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या काठी राहून त्या पाण्याची किती रूपे पाहिली! प्रतिभा असामान्य, पण स्थळ खरे. कोणालाही जाऊन ताडून पाहता यावे असे.

अकबर पदमसी (1928–2020) याच कलाशाळेचे विद्यार्थी. 1951 साली ते पॅरिसला गेले. 1954 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनातील त्यांच्या प्रदर्शनात एका प्रेमी युगुलाच्या चित्रावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. चित्र काढून घेण्यास त्यांनी नकार दिला होता. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या खटल्याच्या हकिकती पुष्कळ सांगितल्या जातात. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे वळण. 1960 च्या सुमारास या चित्रकाराने रंगांचा जवळजवळ त्याग केला आणि केवळ करड्या छटांत मोठमोठी चित्रे रंगविली. 'ग्रीक लँडस्केप' हे त्यांपैकीच एक. 2016 साली लिलावात त्याला 19 कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. नाव ग्रीसचे असले, तरी चित्र घेऊन कोणी ग्रीसमध्ये ती जागा शोधू लागला तर त्याची निराशाच व्हावी.

1970 च्या आसपास त्यांनी ज्या चित्रमालेला आरंभ केला तिला त्यांनी 'मेटास्केप' हे नाव स्वतःच घडवून दिले. डोंगर आहेत, पाणी आहे, माती आहे, मनुष्य नाही. तांबडा, गेरूचा, जळका तपकिरी असे रंग सुरीने थापलेले. पुष्कळ चित्रांत सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात. ही कल्पना त्यांना सुचली कालिदासाच्या शाकुंतलाच्या नांदीवरून. तेथे शिवाच्या आठ मूर्ती सांगताना कवी सूर्यचंद्रांची नावे घेत नाही. काळ ठरविणारी दोघे, एवढेच म्हणतो. मॅट्रिकला नांदी पाठ करून गुण मिळविणारे आमच्यासारखे हजारो निघाले, पण 'दोघे' या शब्दावर असा थांबला एक चित्रकार! या दोघांना एकत्र आणताच चित्रातली वेळ नाहीशी होते: सकाळ नाही, संध्याकाळ नाही. आणि वेळ गेली की स्थळही कसे टिकावे?

दिल्लीत एका प्रदर्शनात यांपैकी एक चित्र पाहण्यास आम्ही कचेरीतील चौघे गेलो होतो. गढवालचे एक सहकारी म्हणाले, हा आमच्याकडचा उन्हाळ्यातला डोंगर, वणवा लागून गेल्यावरचा. राजस्थानचे गृहस्थ ते मान्य करीनात. मला तर ती वाईच्या अलीकडची टेकडी वाटली, आणि तसे मी मोठ्या खात्रीने सांगितलेही. पुढे रजा प्रवास सवलत घेऊन गावी गेलो तेव्हा मुद्दाम पाहिले. टेकडी नदीच्या दुसऱ्याच अंगाला होती. तेरा वर्षांच्या तीन बदल्यांत मी ती केव्हा अलीकडे आणून ठेवली, कोण जाणे. घरी कोणाला हे बोललो नाही. पण तेव्हापासून 'काल्पनिक निसर्गचित्र' म्हणजे खोटे चित्र असे म्हणण्याचा मला धीर होत नाही.

पदमसींना 1969 मध्ये नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र आणणारी एक कार्यशाळा चालविली. नलिनी मलानी त्या वेळी तेथे होत्या. त्याच काळात स्वतःच्या एका तैलचित्रावरून त्यांनी 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' हा छोटा चित्रपट केला. त्याची एकुलती एक प्रत दिल्लीला प्रदर्शनासाठी पाठविली गेली आणि हरवली. (दिल्लीला पाठविलेली वस्तू परत न येण्याचे नवल या मासिकाच्या वाचकांना वाटू नये.) जवळजवळ साडेचार दशकांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालिया त्यांच्याकडे गेले. पदमसी तेव्हा ऐंशी ओलांडलेले. जे कोठेच नव्हते त्या प्रदेशाचे हरवलेले चित्रण आता केवळ आठवणीतून पुन्हा उभारायचे होते. ते दोघे त्या कामाला बसले, आणि 2016 साली तो चित्रपट पुन्हा तयार झाला.