स्प्रिंगमध्ये लिहिलेला प्रोग्राम: जुन्या गाडीच्या टायमिंगची गोष्ट

आजचा विषय हातात मावेल एवढाच आहे: डिस्ट्रिब्युटर. घरात जुनी पद्मिनी असेल, किंवा घ्यायचं मनात असेल, तर शेवटपर्यंत ऐका. कारण याचे चुकीचे पार्ट बसवले तरी गाडी सुरू होते, पळतेसुद्धा. आतमध्ये पिस्टन मात्र मार खात राहतो.

आधी थोडं गणित. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो. समजा, 2 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात 800 आरपीएमला क्रँकशाफ्ट जेमतेम 10 अंश फिरतो, 3000 आरपीएमला 36 अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. यालाच ॲडव्हान्स म्हणतात.

फोर्ड मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात बनली. तिच्यात हे काम चक्क ड्रायव्हर करायचा. स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी होती. हँडल मारताना ती चुकीच्या जागी राहिली, तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि माणसाचं मनगट मोडायचं.

त्याच काळात अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारी इग्निशन तयार केली. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. पुढे दांडीची जागा डिस्ट्रिब्युटरमधल्या छोट्या वजनांनी आणि स्प्रिंगांनी घेतली. वेग वाढला की वजनं बाहेर सरकतात, ठिणगी आधी पडते. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत ओढते. मी दिवसभर कोड लिहितो, आणि मला हा सरळसरळ प्रोग्रामच वाटतो. स्प्रिंगचा ताण म्हणजे त्यातले आकडे. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे.

आता आपल्याकडे येऊ. फियाट 1100 वरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी बनली, इंजिन 1089 सीसी. नंतर इंधनच बदललं. 2000 साली देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं, आणि मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी हळू जळतो, म्हणून त्याला ॲडव्हान्स जास्त लागतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली, आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा टॅक्सीतून निघालेला डिस्ट्रिब्युटर हाती आला, तर तो आधीच भरपूर झिजलेला असू शकतो, हे धरून चाला. टायमिंगही पेट्रोलसाठी नव्याने लावून घ्या.

मग पार्ट निवडायचे कसे? सगळ्यात आधी शाफ्ट हाताने हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर आधी बुश बदला. तोपर्यंत नवीन पॉइंटचे पैसे वाया. दुसरं, बॉडीवरचा नंबर जुळवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डिस्ट्रिब्युटर आतल्या स्प्रिंगमुळे पूर्ण वेगळे वागतात. तिसरं, आकडा वाचताना सांभाळा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचे 10 अंश म्हणजे क्रँकचे 20. चौथं, पॉइंटची टाच घासली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी फट, मगच टायमिंग. कंडेन्सर चुकीचा असेल तर पॉइंट लवकर जळतात.

आणि इलेक्ट्रॉनिक किट? क्रायस्लरने 1973 मध्येच अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, म्हणजे कल्पना काही नवी नाही. किट घ्या, जरूर घ्या. फक्त लक्षात ठेवा, साधं किट पॉइंटची जागा घेतं. वजनं आणि स्प्रिंग तीच जुनी राहतात. स्प्रिंग सैल असेल तर टायमिंग चुकलेलंच राहणार. शिवाय कॉइल त्या किटला चालणारी हवी.

माझं मत विचाराल तर लांबच्या प्रवासाला किट बसवा, आणि जुना पॉइंट-कंडेन्सर डिकीत ठेवा. किट बंद पडलं तर रस्त्याकडेचा मिस्त्री स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज घेऊन गाडी घरी पोहोचवू शकतो. आजच्या गाडीचा ईसीयू रस्त्यात गेला, तर तसं कोण करणार?

तुमच्या घरातली जुनी गाडी कुठली, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!