अर्धशिशीची गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा

बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला रोज ये-जा करणाऱ्याला अर्धशिशी असेल, तर त्याच्या बॅगेत डब्याबरोबर गोळ्यांची पट्टीही असते. वर्षानुवर्षे साथ दिलेली गोळी एक दिवस लागू पडेनाशी होते. मग स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये मागणी होते : ‘याच्यापेक्षा स्ट्राँग काहीतरी द्या.’ अशा वेळी जास्त कडक गोळी शोधणे बहुधा चुकीचे ठरते. गोळी निष्प्रभ होण्याची कारणे ठरावीक आहेत; ती क्रमाने तपासावीत.

१. नेमके काय बिघडले?

गोळी घेतल्यावर दोन तासांत आराम पडत नाही, आराम पडतो पण दुसऱ्या दिवशी दुखणे उलटते, की गोळी काम करते पण दुखण्याचे दिवसच वाढले आहेत? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिलीत गोळीची वेळ, मात्रा आणि शोषण पाहावे. दुसरीत डॉक्टर औषध बदलतात किंवा जोडीला दुसरे देतात. सुमाट्रिप्टानसोबत नॅप्रोक्सेन हे त्याचे उदाहरण. तिसरीत आधी अतिवापर तपासावा आणि मग प्रतिबंधक उपचाराचा विचार करावा.

२. वेळ आणि शोषण

अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे गोळी पोटातच रेंगाळते. अंधेरीला गर्दीत ठणका सुरू झाला, ‘घरी जाऊन घेऊ’ म्हणून थांबले आणि बोरिवली येईपर्यंत मळमळ सुरू झाली, की तीच गोळी अर्धीही लागू पडत नाही. दुखणे सौम्य असतानाच ती घ्यावी. मळमळ लवकर होत असेल तर डॉक्टर उलटीविरोधी औषध जोडतात, किंवा नाकातला फवारा अथवा इंजेक्शन देतात. सुमाट्रिप्टान ज्यात मोडते त्या ट्रिप्टान गटातले एक औषध दोन-तीन झटक्यांत अपयशी ठरले, तरी त्याच गटातले दुसरे लागू पडू शकते.

३. अतिवापर

साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान, अरगोटामिन, ओपिऑइड वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले आणि डोके महिन्यातून किमान १५ दिवस दुखू लागले, तर औषधाच्या अतिवापरातून उद्भवलेली डोकेदुखी मानतात. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे.

पट्टीची मागची बाजू वाचावी. अर्धशिशीसाठी सर्रास मागितल्या जाणाऱ्या एका गोळीत अरगोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधे असतात. ती घेणाऱ्याला १० दिवसांची मर्यादा लागू होते. शिवाय अरगोटामिन आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकापाठोपाठ घेणे धोक्याचे, कारण दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात.

कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडतो त्याच चौकोनात डोके दुखले तर ‘दु’ आणि गोळी घेतली तर ‘गो’ लिहावे. पाळी, उपास, जागरण यांचीही नोंद करावी. महिनाअखेरीस हे पान डॉक्टरांना फार काही सांगते.

अतिवापर ठरल्यास ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावे लागते. पहिले काही दिवस दुखणे वाढते. ट्रिप्टान सोडताना हा काळ तुलनेने लहान, साध्या वेदनाशामकांत लांबतो. ओपिऑइड मात्र एकदम न तोडता हळूहळू कमी करतात. हे दिवस घरच्यांना आणि कचेरीला आधी सांगून ठेवावेत.

४. प्रतिबंधक उपचार

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस दुखत असेल, तर झटका येऊच नये यासाठी रोज घ्यायच्या औषधांचा विचार करतात : प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट, फ्लुनारिझिन. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. फ्लुनारिझिनने वजन वाढू शकते, उदासीही येऊ शकते. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना डॉक्टरांशी स्पष्ट बोलूनच निर्णय घ्यावा लागतो. योग्य मात्रेवर आठ आठवडे दिल्याशिवाय औषध अपयशी म्हणू नये. पंधरा दिवसांत बंद केलेली गोळी हरलेली नसते, तिला संधीच मिळालेली नसते.

यानेही भागले नाही, तर जुनाट अर्धशिशीसाठी दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सची इंजेक्शने, किंवा सीजीआरपी या रेणूला रोखणारी नवी औषधे हे पर्याय आहेत. ती महाग आहेत, म्हणून आधीच्या पायऱ्या नीट चढणे महत्त्वाचे.

५. थांबू नये अशी लक्षणे

क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणे, हातापायांत अचानक अशक्तपणा, बोलणे अडखळणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे किंवा गरोदरपणातले नवे दुखणे यांना जुनी अर्धशिशी समजू नये. अचानक सुरू झालेल्या लक्षणांत घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

रुग्णाने दिवस मोजावेत, हे खरेच. पण रोजच्या गिऱ्हाइकाला पट्टी देताना ‘या महिन्यात किती दिवस घेतली?’ एवढे औषधविक्रेत्यानेही विचारावे. हा प्रश्न काउंटरवर रोज विचारला गेला, तर अनेकांचा अतिवापर जडण्याआधीच थांबेल.