झाकली गाडी सव्वा लाखाची

माणसाच्या डोळ्यांची रचनाच अशी आहे, की उघड्यावर ठेवलेली वस्तू त्यांना दिसत नाही आणि झाकलेली वस्तू बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गणपतीच्या आधी मंडळाच्या मांडवाला कनात लागली, की एरवी त्या रस्त्यानं खाली मान घालून जाणारी सभ्य मंडळी कनातीच्या फटीला डोळा लावतात. अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी आमच्या शाखेत काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे अर्थमंत्री बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यातला एकही अंदाज खरा ठरत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. अंदाजाचा आनंद हा आदल्या दिवसाचाच.

हा आनंद पद्धतशीरपणे लुटणारी जमात म्हणजे फॉर्म्युला वन नावाच्या मोटारशर्यतीचे शौकीन. या शर्यतीत प्रत्येक संघाला आपली गाडी आपणच घडवावी लागते. मार्चच्या सुमाराला हंगाम सुरू होतो आणि त्याआधीचे दोन महिने नव्या गाड्या झाकून ठेवलेल्या असतात. मग एखाद्या धूसर फोटोतल्या सावलीवरून शौकीन मंडळी गाडीच्या नाकाची लांबी काढतात. कुशीत काळा ठिपका दिसला, तर ते हवा आत घ्यायचं भोक की फोटोवर बसलेली माशी, यावर दोन तट पडतात. पत्रिका बघणारे गुरुजीसुद्धा इतक्या कमी सामग्रीवर इतकं ठाम बोलत नाहीत.

2005 साली नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून या शर्यतींत उतरला, तेव्हापासून मी या खेळाबद्दल हौसेनं वाचत आलो आहे. माझ्याकडे स्वतःची स्कूटर आहे. तिच्याबाबतीत अंदाज करण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे आज ती सुरू होईल का. पण कॉमर्सच्या पदवीनं मला एक गोष्ट शिकवली. ताळेबंद हातात आला, की शहाणा माणूस मोठे आकडे सोडतो आणि तळटिपा वाचतो. या गाड्यांचंही तसंच आहे. सगळे बघतात वर, आणि मेख असते तळाशी.

झाकण्याच्या कलेतला माझा आवडता प्रयोग 1975 सालचा. केन टिरेल हा इंग्लंडमधला लाकडाचा व्यापारी. त्याच्या गाड्या लाकडाच्या वखारीतच तयार व्हायच्या. त्या सप्टेंबरात लंडनच्या विमानतळाजवळ एका हॉटेलात त्यानं पत्रकार बोलावले आणि समोर ताडपत्री घातलेली गाडी ठेवली. आता झाकलेल्या वस्तूचा फुगवटा बघून आत काय ते ताडणं हे तर अंदाजवाल्यांचं बाळकडू! म्हणून टिरेलनं ताडपत्रीखाली पुढच्या बाजूला कमानी बसवल्या होत्या. वरून बघणाऱ्याला वाटावं, नेहमीसारखी दोन चाकं आहेत. ताडपत्री निघाली, तर पुढे चार चाकं! चिमुकली, दहा इंची रिमची. मागची दोन मोठी धरून एकूण सहा. बऱ्याच जणांना ही थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. डेरेक गार्डनर या आरेखकाचा हिशोब असा होता, की पुढची मोठी चाकं वाऱ्याला अडवतात. ती लहान केली तर गाडीच्या नाकाआड लपतील. लहान चाकाचं रस्त्यावर टेकणारं रबर कमी, म्हणून दोनाऐवजी चार. पुढच्या वर्षी 13 जून 1976 रोजी स्वीडनमध्ये जोडी शेक्टर पहिला आला आणि पात्रिक देपाये दुसरा, दोघेही सहाचाकीत. ही चिमुकली चाकं चालकालाच दिसत नसत, म्हणून त्याच्या बैठकीच्या बाजूंना छोट्या पारदर्शक खिडक्या बसवल्या होत्या. म्हणजे आपली चाकं जागेवर आहेत ना, हे खिडकीतून वाकून बघायचं. पण मागची चाकं मोठीच राहिल्यामुळे वारा काही फारसा फसला नाही, आणि त्या इवल्या टायरांचं गिऱ्हाईक जगात एकच असल्यामुळे त्यांच्या सुधारणेतही कोणी फारसा जीव ओतला नाही. 1977 मध्ये एकही विजय नाही. 1978 साली टिरेल निमूटपणे चार चाकांवर आला. इतरांनीही सहा चाकं करून बघितली, मागे चार आणि पुढे दोन अशी; त्या गाड्या शर्यतीपर्यंत पोचल्याच नाहीत. 1983 पासून नियमानं चाकं चारच.

सगळं जग चाकं मोजत होतं, तेव्हा लोटस संघाचा पीटर राइट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या वाऱ्याच्या बोगद्यात गाडीची छोटी प्रतिकृती ठेवून बसला होता. मोजमापं जुळेनात. बघतो तो काय, प्रतिकृतीच्या दोन्ही कुशी वाऱ्यात हळूहळू खाली ओढल्या जात होत्या. कुशीच्या कडा आणि जमीन यांच्यातली फट कमी झाली, की गाडी जमिनीकडे खेचली जात होती. त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीनं लावून ती फट बुजवली, आणि खेच एकदम वाढली. (आमच्या शाखेतलीही निम्मी यंत्रं पुठ्ठा आणि चिकटपट्टीवरच चालतात, पण त्यातून शोध असा अजून लागलेला नाही.) विमानाचा पंख उलटा करून गाडीच्या पोटाखाली लावला, तर तो गाडीला वर उचलण्याऐवजी रस्त्याला चिकटवतो, असा त्याचा अर्थ.

मारिओ अँड्रेटीला ही गाडी 1976 मध्येच शर्यतीत हवी होती. मालक कॉलिन चॅपमननं दिली नाही. हंगाम संपायच्या आत दाखवली तर हिवाळ्यात सगळे नक्कल करतील. 1977 मध्ये ती उतरली आणि वळणावर अशी चिकटून जायला लागली, की अंदाजवाल्यांची झोप उडाली. तेव्हा लोटसनं स्वतःच एक अंदाज बाजारात सोडला. म्हणे आमच्या डिफरन्शियलमध्ये काही गुपित आहे. डिफरन्शियल म्हणजे वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी. झालं! सगळ्यांच्या नजरा मागच्या चाकांमध्ये. लोटसनं त्या वर्षी पाच शर्यती जिंकल्या आणि 1978 साली अँड्रेटी जगज्जेता झाला.

त्याच 1978 मध्ये ब्रॅबम संघानं गाडीच्या मागे चक्क पंखा लावला आणि शर्यतीआधी त्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवलं. विचारणाऱ्याला उत्तर तयार होतं, की पंखा गाडी थंड ठेवायला आहे. तो पोटाखालची हवा उपसून गाडी रस्त्याला चिकटवतो, हे नुसतं ओघानं होतं. स्वीडनची शर्यत निकी लाउडानं जिंकली आणि पंखा पुन्हा शर्यतीत दिसला नाही.

या तळाच्या खेळाला दुसरी बाजूही होती. फट बुजवणारी किनार कुठे अडकली किंवा तुटली, की पकड एका क्षणात जायची, आणि भर वेगात चालकाच्या हाती नुसतं चाक उरायचं. 1983 पासून तळ सपाट ठेवायची सक्ती झाली, ती उगीच नाही.

2009 चा किस्सा मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात नियमांचं पुस्तक आहे. होंडानं डिसेंबर 2008 मध्ये गाशा गुंडाळला. रॉस ब्रॉननं संघ घेतला आणि हंगामाला तीन आठवडे उरले असताना पांढरी, जवळजवळ कोरी गाडी बार्सिलोनाच्या चाचणीत आणली. ती सगळ्यांना मागे टाकून पळाली. शहाण्यांनी निदान केलं, की जाहिरातदार गळाला लागावेत म्हणून टाकी रिकामी ठेवून पळवतायत. खरी गोष्ट अर्थातच खाली होती. गाडीच्या तळातून हवा बाहेर सोडणारा मागचा भाग किती उंच असावा, याचा नियम होता; त्यात एक फट शोधून वर आणखी एक मजला काढला होता. चटईक्षेत्राला हात न लावता पोटमाळा काढतात ना, तसा! टोयोटा आणि विल्यम्सनंही तो काढला होता. इतरांनी तक्रार केली, अपिलात हरले. जेन्सन बटन आणि ब्रॉन संघ, दोघांनीही विजेतेपद मिळवलं.

तोच संघ पुढे मर्सिडीजनं विकत घेतला. 2022 मध्ये नियमांनी तळाला पुन्हा आकार द्यायची मुभा दिली आणि बहरीनच्या चाचणीत मर्सिडीजची गाडी आली, तर तिच्या कुशीच जवळजवळ गायब! काय ते लेख, काय त्या आकृत्या! प्रत्यक्षात ती गाडी सरळ रस्त्यावर अशी उसळायची, की चालकांना एसटीच्या मागच्या बाकाचं सुख मिळालं. वर्षभरात तिचा विजय एक. रेड बुलनं 22 पैकी 17 शर्यती नेल्या. त्यांचा आरेखक एड्रियन न्यूई यानं साउदॅम्प्टनला विद्यार्थी असताना प्रबंध लिहिला होता, तो याच तळाच्या विषयावर.

आणि मग 27 मे 2023. मोनॅकोला सर्जिओ पेरेझची रेड बुल कठड्यावर आदळली. तिथल्या अरुंद रस्त्यावरून गाडी हलवायची म्हणजे क्रेन. क्रेननं ती उचलली ती थेट आभाळात, आणि आतापर्यंत जिवापाड लपवलेला तळ उभ्या जगाला दिसला. छायाचित्रकारांचा नुसता लखलखाट. प्रतिस्पर्ध्यांनी ते फोटो किती मोठे करून न्याहाळले असतील, याची मी कल्पना करू शकतो. अर्थात आमच्या बँकेचा ताळेबंदही दर वर्षी पेपरात पानभर छापून येतो, आणि तो बघून कोणी दुसरी बँक काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या हंगामातली सिंगापूरची तेवढी एक शर्यत फेरारीनं काढून घेतली. बाकीच्या 21 रेड बुलकडेच गेल्या.