रोज पाच इंग्रजी शब्द, पण अर्थ कोणत्या भाषेत? इंदूरच्या मराठी मुलांची वेगळीच अडचण

इंदूर : आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी असतंच. कॅट आणि बँकेच्या परीक्षांतही ते चुकत नाही. म्हणून रोज थोडे शब्द पाठ करणारी मुलं शहरात घरोघरी सापडतात. मराठी घरातल्या मुलांना मात्र एक जादा अडचण येते.

इथे हाताशी असतो तो बहुधा इंग्रजी-हिंदी शब्दकोश. त्यात 'एंडेव्हर'चा अर्थ 'चेष्टा', 'ऑब्जेक्शन'चा 'आपत्ति', 'ट्रॅफिक'चा 'यातायात'. मराठी कानाला चेष्टा म्हणजे थट्टा, आपत्ती म्हणजे संकट आणि यातायात म्हणजे दगदग! ट्रॅफिक ओळखीचा शब्द, तिथे कुणी फसत नाही. 'एंडेव्हर'सारखा शब्द पहिल्यांदाच भेटला, की चुकीचा अर्थ डोक्यात पक्का बसतो. बऱ्हाणपूर, बालाघाटकडच्या वाचकांनाही हे ओळखीचं वाटेल.

यावर सोपा उपाय आहे. कोशातला हिंदी अर्थ थेट वहीत उतरवू नये. आधी तो शब्द असलेलं इंग्रजी वाक्य वाचावं, मग घरच्या मराठीत अर्थ लिहावा आणि खाली स्वतःचं एक वाक्य. उलटा रस्ताही आहे : 'दगदग', 'कंटाळा' असा घरचा शब्द घेऊन मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्याला काय म्हटलंय ते बघायचं. १८३१चा हा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आता इंटरनेटवर फुकट शोधता येतो. त्यातली इंग्रजी जुनी आहे, तेवढं सांभाळावं.

मराठीचा फायदाही होतो. दंत-डेंटल, नव-नॉव्हेल, दान-डोनेट, नौका-नेव्हल या जोड्या योगायोगाच्या नाहीत. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या.

शब्द निवडायचे कुठून? जाडजूड, दुर्मिळ शब्दांच्या याद्यांत वेळ फार जातो. जीआरईनेसुद्धा २०११ मध्ये सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं. ढाक्यात शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांची साधारण २,००० नेहमीच्या शब्दांची यादी १९५३ची. ती येत असेल तर अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २०००ची यादी घ्यावी. त्यात पाठ्यपुस्तकी, अभ्यासी लिखाणातले ५७० शब्दगट आहेत. रोज पाच धरले तर ११४ दिवस, म्हणजे चार महिन्यांच्या आत.

पण उजळणी हवी. पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतं, हे एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तोच शब्द परत बघायचा. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची पद्धत तर चपलांच्या खोक्यातही जमते : कप्पे करायचे, आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरलेली परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, शेवटचा महिन्यातून एकदा.