कोल्ड एअर इनटेक आणि पावसाच्या पाण्यापासून संरक्षण

कोल्ड एअर इनटेक ही मोटारगाडीच्या इंजिनाला बाहेरील थंड हवा पुरवणारी, मूळ हवापेटीच्या जागी नंतर बसवली जाणारी नळी-व्यवस्था होय. ती बसवलेल्या गाडीत पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरण्याचा धोका वाढू शकतो.

कार्यतत्त्व

हवा तापली की विरळ होते. बॉनेटखालील ६० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेची घनता बाहेरील ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. थंड हवेतून त्याच आकारमानात अधिक प्राणवायू मिळतो व अधिक इंधन जाळता येते. त्यासाठी या व्यवस्थेत एअर फिल्टर इंजिनापासून दूर, बहुधा पुढील मडगार्डच्या आत किंवा बंपरच्या मागे बसवतात. शॉर्ट रॅम इनटेक या प्रकारात फिल्टर बॉनेटखाली उंचावरच राहतो. त्यामुळे पाण्याचा धोका कमी असतो, परंतु हवा गरम मिळते.

मूळ रचनेतील संरक्षण

कारखान्यात बसवलेल्या हवापेटीचे तोंड सामान्यतः उंचावर असते. तिच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी लहान छिद्र ठेवलेले असते, तर हवेच्या वाटेतील वळणांमुळे जड थेंब मागे पडतात. नवी नळी बसवताना ही हवापेटी काढून टाकली जाते आणि तिच्याबरोबर हे संरक्षणही जाते.

धोक्याचे स्वरूप

हवेबरोबर येणारे तुषार इंजिनाला सहसा अपाय करत नाहीत. ते सिलिंडरमधील उष्णतेने वाफ होऊन निघून जातात. दुसऱ्या महायुद्धातील काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत तर शक्ती वाढवण्यासाठी पाण्याचे मिश्रण मुद्दाम फवारले जात असे. खरा धोका फिल्टर पाण्यात बुडण्याचा असतो. १,२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या गतीने व थ्रॉटल पूर्ण उघडे असताना सेकंदाला सुमारे २० लिटर हवा ओढते. फिल्टर बुडाल्यास हीच ओढ पाण्याला लागते.

पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. वरील इंजिनात चार सिलिंडर असून संपीडन गुणोत्तर १०:१ असल्यास दट्ट्या वरच्या टोकाला असताना सिलिंडरमध्ये केवळ ३३ मिलिलिटरच्या आसपास जागा उरते. त्याहून अधिक, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी शिरले तरी दट्ट्या मध्येच अडतो. या स्थितीला हायड्रोलॉक म्हणतात. इंजिन वेगात असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. प्रसंगी इंजिनाचा सांगाडाही फुटतो. डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर अधिक असल्याने तेथे ही उरलेली जागा त्याहूनही कमी असते.

संरक्षणाचे उपाय

• जलरोधी आवरण : फिल्टरवर चढवायची विणलेल्या कृत्रिम धाग्याची पिशवी. ती पावसाचे थेंब व चाकांनी उडवलेले पाणी अडवते, मात्र फिल्टर बुडाल्यास निरुपयोगी ठरते. धुळीने ती तुंबते, म्हणून वेळोवेळी स्वच्छ करावी लागते.
• बायपास झडप : नळीच्या उंच भागात बसवतात. फिल्टर बुडून ओढ वाढली की तिचे लवचिक पडदे उघडतात व तेथून हवा आत येते. झडप स्वतः पाण्याच्या वर असेल तरच तिचा उपयोग होतो. टर्बोचार्जरनंतरच्या दाबयुक्त नळीत ती बसवता येत नाही.
• आडोसा : मडगार्डच्या आतील प्लॅस्टिकचे अस्तर नळीसाठी कापले असल्यास ते पूर्ववत करणे, तसेच फिल्टर व चाक यांच्यामध्ये पत्रा बसवणे.
• हंगामी बदल : नळीचा खालचा तुकडा काढून फिल्टर वर घेणे किंवा पावसाळ्यापुरती मूळ हवापेटी परत बसवणे. हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

साचलेल्या पाण्यातील वाहनचालन

फिल्टरची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवणे उपयुक्त ठरते. चालत्या गाडीपुढे लाट उठते, शिवाय समोरून येणाऱ्या अवजड वाहनाची लाट त्यात मिळते. त्यामुळे उथळ वाटणारे पाणीही फिल्टरपर्यंत पोहोचू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य वाहने बुडाली आणि बंद मोटारींत अडकून काही जणांचा मृत्यू झाला. पाणी चढत असताना इंजिनापेक्षा माणसांचा जीव महत्त्वाचा असल्याने गाडी वेळीच सोडून उंच जागी जाणे आवश्यक असते.

पाणी शिरल्यास

पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. स्टार्टरच्या जोरानेही कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ओढून बाहेर काढावी व बॅटरीची जोडणी सोडवावी. त्यानंतर कारागीर स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात व पाणी बाहेर काढतात. इंजिन ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते; अशा वेळी ते फिल्टरसह बदलावे लागते.

भारतातील अनेक मोटार विमा पॉलिसींत पाण्यामुळे होणाऱ्या इंजिनाच्या अंतर्गत हानीसाठी ‘इंजिन संरक्षण’ हे पूरक कवच वेगळे घ्यावे लागते. गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवले नसल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.