गप्पी-गोल्डफिशचा कंटाळा आलाय? आपल्याच नद्यांतले हे मासे घरी ठेवता येतात, पण आधी दोन प्रश्न विचारा

रील बघता बघता एखादा मासा समोर येतो. गडद निळ्या अंगावर मोत्यासारखे ठिपके, लालबुंद पर आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न: "हा कुठे मिळेल?" दुकानात गेलं की मात्र तेच गोल्डफिश, तेच गप्पी, मॉली, एंजल आणि 'घरात ठेवला की भरभराट होते' असं सांगून विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न. काहीतरी वेगळं हवं असं वाटणं साहजिक आहे. पण मासा अनोळखी असण्यामागेही कारणं असतात. एखादा फार मोठा होतो, एखादा पाकिटातलं खाद्य तोंडातही घेत नाही, तर एखादा अजूनही थेट नदीतूनच पकडून आणला जातो.

तो ठिपक्यांचा मासा म्हणजे सेलेस्टियल पर्ल डॅनिओ, दुकानातलं नाव गॅलेक्सी रासबोरा. लांबी जेमतेम 2 सेंटीमीटर. म्यानमारमध्ये इनले सरोवराच्या पूर्वेला होपोंग गावाजवळच्या उथळ डबक्यांत तो 2006 साली सापडला. त्याचे फोटो इंटरनेटवर फिरले आणि जगभरातून मागणी सुरू झाली. शास्त्रीय वर्णन 2007 साली प्रसिद्ध झालं, पण तोवर डबकी इतकी उपसली गेली होती की मासा संपतो की काय अशी भीती व्यक्त होऊ लागली. सुदैवाने पुढे तो आणखी काही ठिकाणी सापडला, आणि काचेच्या टाकीत सहज अंडी घालतो हेही लक्षात आलं. त्यामुळे आज त्याची पैदास शेततळ्यांत आणि हौशी लोकांच्या घरी होते. प्रत्येक माशाचं नशीब एवढं चांगलं नसतं.

म्हणून दुकानदाराला विचारायचे प्रश्न दोन. हा मासा पैदास केलेला आहे की नदीतून पकडलेला? आणि पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो? उत्तर गोलमोल आलं तर त्या दिवशी मासा घेऊ नये.

1822 सालचं पुस्तक आणि आपले मासे

गंमत अशी की परदेशात 'एक्झॉटिक' म्हणून मिरवणारे कितीतरी मासे मूळचे भारतातले आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर पुस्तक लिहिलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत असलेला झेब्राफिश, रोझी बार्ब, हनी गुरामी, स्कार्लेट बॅडिस या सगळ्यांची पहिली नोंद त्याच पुस्तकात आहे.

पहिल्यांदाच वेगळा मासा घेणाऱ्यासाठी यातला हनी गुरामी सगळ्यात सोयीचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा 4 ते 5 सेंटीमीटरचा शांत मासा. विणीच्या काळात नराचं अंग मधासारखं केशरी होतं आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळसर निळा रंग चढतो. मग तो पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंड्यांची राखण करतो. गुरामी वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे टाकी काठोकाठ भरू नये, झाकण आणि पाणी यांच्यात दोन-तीन बोटं जागा सोडावी. जोरात पाणी फेकणारा फिल्टर त्याला मानवत नाही. वर तरंगणारी थोडी झाडं असली की तो बिनधास्त फिरतो. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत (म्हणजे साधारण 55 लिटर पाण्यात) एक नर, दोन माद्या आरामात राहतात. फक्त घेताना नाव नीट विचारा. शेजारच्याच टाकीतला निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वॉर्फ गुरामी जास्त भडक दिसतो, पण मोठ्या प्रमाणावर पैदास होणाऱ्या या माशात एक विषाणूजन्य आजार पसरलेला आहे आणि त्यावर औषध नाही.

स्कार्लेट बॅडिस हा त्याहून छोटा, 2 सेंटीमीटरचा. आसाम आणि उत्तर बंगालच्या वनस्पतींनी भरलेल्या ओढ्यांतला. नर लाल पट्ट्यांचा, अगदी दागिन्यासारखा. अडचण खाण्याची आहे: दाणेदार खाद्य तो बहुधा बघतसुद्धा नाही. त्याला आर्टेमियाची पिल्लं, डॅफ्निया असं जिवंत खाद्य लागतं. रोज ते करणं जमणार नसेल तर हा मासा आणू नये, तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो. आणखी एक खोच. माद्या फिकट असल्याने दुकानांत बहुतेक नरच येतात, आणि छोट्या टाकीत चार नर म्हणजे रोजची मारामारी.

मुंबईचा मासा

पट्टेवाला पँचॅक्स तर आपला शेजारीच. 1846 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते मुंबईच्या नमुन्यांवरून. ओढे, तळी, भातखाचरांच्या कडेचं पाणी अशा ठिकाणी तो पृष्ठभागालगत तरंगत असतो आणि डासांच्या अळ्या मटकावतो. दुकानात 'गोल्डन वंडर' नावाचा सोनेरी मासा दिसतो तो याचाच पैदास केलेला प्रकार. लांबी सुमारे 10 सेंटीमीटर, काटक आणि पाण्याबद्दल फारशी कुरकुर नाही. पण तोंड मोठं असल्याने गप्पीची पिल्लं किंवा वर सांगितलेले बॅडिस त्याच्यासोबत ठेवले तर ते खाल्ले जातील. शिवाय हा उड्या मारतो. झाकणाला फट राहिली तर सकाळी मासा फरशीवर सापडतो.

तळाशी फिरणारा मासा हवा असेल तर झेब्रा लोच. बारीक पट्टेपट्टे असलेला हा मासा पश्चिम घाटातला, कृष्णेच्या खोऱ्यातला. म्हणजे कोल्हापूरकडच्या नद्यांचाच. जगभर विकला जातो, पण त्याच्या गावात त्याला फारसं कुणी ओळखत नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे, त्यामुळे पहिला प्रश्न इथे जास्तच महत्त्वाचा. एकटा ठेवला तर दगडामागून बाहेर येत नाही, किमान पाच-सहा हवेत. मिशांनी तळ उकरत असल्याने टोकदार खडीऐवजी वाळू घालावी. याच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो आणि घाबरला की तो उभा राहून जाळीत अडकतो. म्हणून याला जाळीने न धरता भांड्याने उचलावं.

मिस केरळची गोष्ट

काळी रेघ, तिच्यावर लाल रेघ आणि शेपटीवर पिवळे-काळे पट्टे. 'मिस केरळ' किंवा डेनिसन बार्ब बघताक्षणी आवडतो. 1865 साली वर्णन झालं तेव्हा मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव याला मिळालं. 2013 साली शास्त्रज्ञांनी त्याला नव्या गटात टाकलं आणि त्या गटाचं नाव ठेवलं सह्याद्रिया. केरळ आणि लगतच्या कर्नाटकातल्या काही मोजक्या नद्यांपलीकडे हा कुठेच नाही. 1990 च्या दशकात परदेशी बाजारात तो गाजला आणि नद्यांमधून बेसुमार उचलला गेला. आज हाही संकटग्रस्त. बंदिस्त जागेत त्याची पैदास आता जमली आहे, त्यामुळे पैदास केलेलेच मासे मागणं शक्य आहे आणि तेच योग्य.

तरीही हा मासा प्रत्येकाच्या घरी मावणारा नाही. दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढतो 15 सेंटीमीटरपर्यंत. कळपात राहतो, सतत पोहतो आणि त्याला डोंगरी नदीसारखं वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. सहा मासे ठेवायचे तर किमान 4 फूट लांबीची, अडीचशे लिटरच्या आसपासची टाकी हवी. एवढी जागा नसेल तर झेब्राफिश किंवा रोझी बार्ब घ्यावा. पळापळ तीच, त्रास निम्मा.

वाटाण्याएवढा पी पफर मात्र सोशल मीडियावर दिसतो तितका गोड नाही. केरळचा हा चिमुकला मासा इतरांचे पर कुरतडतो, त्याला गोगलगाई आणि जिवंत खाद्यच हवं असतं. ठेवायचा तर वेगळ्या टाकीत. आणि पारदर्शक ग्लासफिशच्या अंगात गुलाबी-हिरवे रंग दिसले तर लांब राहा. तो रंग सुईने टोचलेला असतो आणि काही महिन्यांत उडून जातो. न रंगवलेला ग्लासफिश काचेसारखा आरपार दिसतो, तोच घ्यावा.

आधी पाणी, मग मासा

नवी टाकी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडणं हे त्यांच्या मरण्याचं सगळ्यात मोठं कारण. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाद्य टाकून, झाडं लावून टाकी चालू ठेवावी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनने घालवावं. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पँचॅक्सला ते चालतं, बॅडिस कुरकुरतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत गुरामीला हीटर लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट प्रश्न, तिथे डोंगरी ओढ्यातले मासे टाळलेलेच बरे.

नदीवर जाऊन स्वतः मासे धरून आणावेत का? अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. इतरत्रही आपण काय धरतोय हे कळायला जाणकार लागतो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका लोचची नोंद 2020 साली नवी प्रजाती म्हणून झाली आणि 2021 मध्ये ती जागाच जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. अशा कुंडातून दहा मासे उचलणं म्हणजे मोठा घाव.

कंटाळा आला किंवा मासा फार वाढला म्हणून तो तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नका. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा असाच बाहेर पडून देशभरातल्या तळ्यांत शिरला आहे. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा शहरातल्या हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकावा, घेणारा बहुतेक वेळा मिळतो.